अवेळी येणारी उष्णतेची लाट : नागपूर भागात करावयाची पूर्वतयारी

नागपूरच्या शेतकऱ्यास ऊन नवे नाही. मे महिन्यात या भागात दुपारचे सरासरी तापमान ४२ ते ४३ अंश सेल्सिअस असते आणि रोहिणीच्या उन्हात, म्हणजे नवतप्याच्या दिवसांत, ते ४५ अंशांपलीकडेही जाते. परंतु त्या वेळेपर्यंत रान मोकळे झालेले असते. गहू घरात आलेला असतो, हरभऱ्याचे खळे उठलेले असते, संत्र्याच्या आंबिया बहाराचे फळ देठाशी बऱ्यापैकी धरलेले असते. जनावरांच्या अंगावरील हिवाळी केस झडलेले असतात, आणि मजूरही डोक्यास दुपट्टा बांधून भल्या पहाटे कामास निघू लागलेले असतात. मेचे ऊन कितीही कडक असले तरी त्याची सर्वांना ओळख असते. याहून सहा-सात अंशांनी सौम्य असलेले ऊन फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आले, तर मात्र शेतावर जे जे उभे असते ते सर्व नाजूक अवस्थेत सापडते. गव्हाच्या दाण्यात चीक असतो, संत्र्यावर फूल किंवा वाटाण्याएवढे फळ असते, गोठ्यावर छाया केलेली नसते आणि माणसांच्या अंगास ऊन सोसण्याची सवय झालेली नसते. अशा उन्हाने होणारे नुकसान अंशांवरून न मोजता तारखेवरून मोजले पाहिजे.

हे केवळ अनुमान नव्हे. भारतीय हवामान खात्याच्या देशभरच्या तापमानाच्या नोंदी १९०१ पासूनच्या आहेत. त्या नोंदींत २०२२ चा मार्च हा कमाल तापमानाच्या सरासरीने सर्वांत उष्ण मार्च ठरला. त्या महिन्यात देशात पाऊसही सरासरीपेक्षा ७१ टक्क्यांनी कमी पडला. हिवाळ्यात व वसंतात भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तानमार्गे उत्तर भारतात येणारे पश्चिमी झंझावात त्या वर्षी मार्चमध्ये दुर्बळ राहिले. त्यामुळे आकाश निरभ्र राहिले, राजस्थानकडील कोरडे तप्त वारे मध्य भारतापर्यंत विनासायास पोहोचले आणि विदर्भात मार्चच्या अखेरीसच अकोला, चंद्रपूर यांसारख्या ठिकाणी पारा ४२ अंशांच्या वर गेला. पंजाब व हरियाणात त्या वेळी गहू दाणे भरण्याच्या अवस्थेत होता. फेब्रुवारीत देशाच्या गहू उत्पादनाचा सरकारी अंदाज ११ कोटी १३ लक्ष टन होता, तो मे महिन्यात १० कोटी ६४ लक्ष टनांवर आणावा लागला आणि १३ मे २०२२ रोजी गव्हाची निर्यात बंद करण्यात आली. पुढील वर्षीचा फेब्रुवारी कमाल तापमानात १९०१ नंतरचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. २०२५ च्या फेब्रुवारीने तर दिवस व रात्र मिळून काढलेल्या सरासरीत तोवरचा उच्चांक गाठला. चार वर्षांत तीन वेळा घडलेल्या गोष्टीस अपवाद म्हणून सोडून देणे शहाणपणाचे होणार नाही.

लाट जाहीर होण्याची वाट पाहू नये

येथे गावपातळीवरील कार्यकर्त्याने एक गोष्ट नीट समजून घ्यावी आणि शेतकऱ्यासही समजावून द्यावी. हवामान खाते मैदानी प्रदेशात उष्णतेची लाट जाहीर करते ती कमाल तापमान निदान ४० अंशांवर पोहोचल्यावर, आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून अधिक असेल तेव्हा. तापमान थेट ४५ अंशांवर गेल्यास सरासरीचा विचार न करताही लाट मानली जाते. हा नियम प्रामुख्याने मनुष्याच्या जीवितरक्षणासाठी ठरविलेला आहे व त्या दृष्टीने तो योग्यच आहे. परंतु नागपुरास मार्चच्या आरंभी कमाल तापमान सरासरीने ३४ अंशांच्या आसपास असते. त्या दिवसांत पारा ३९ अंशांवर गेला तर ते ऊन सरासरीपेक्षा पाच अंशांनी अधिक होय. तरीही ४० ची मर्यादा ओलांडलेली नसल्याने लाट जाहीर होणार नाही. चिकात असलेल्या गव्हास मात्र ३२ अंशांपासूनच त्रास सुरू झालेला असतो. म्हणजे लाटेची सूचना येईतो गव्हाचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

यासाठी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून हवामान खात्याची कृषिहवामान पत्रिका नियमाने पाहावी. ती आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी निघते व 'मेघदूत' या मोबाईल ॲपवरही मिळते. पत्रिकेत 'लाट' हा शब्द शोधीत बसू नये. पुढील चार-पाच दिवसांचे कमाल तापमान सरासरीहून तीन-चार अंशांनी अधिक दाखविले आहे काय, आकाश निरभ्र आहे काय, आणि रात्रीचा गारवा कमी होत आहे काय, एवढे पाहावे. तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणजे कामास लागावे.

गावात तापमापक असल्यास तो सावलीत, वारा खेळता असलेल्या जागी, जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर टांगावा. पत्र्याच्या भिंतीवर किंवा उन्हात लावलेला तापमापक भिंतीचे ऊन सांगतो, हवेचे नव्हे. मे २०२४ मध्ये नागपूर येथील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखविले आणि ती वार्ता एका दिवसात देशभर गेली. पुढे तपासणीत यंत्राच्या संवेदकातच दोष आढळला. अशा आकड्यांनी लोक एकदा घाबरतात आणि नंतर खऱ्या सूचनेकडेही दुर्लक्ष करतात, ही त्यातील अधिक हानी होय.

गहू

गव्हाचा दाणा भरण्यास सामान्यतः ३५ ते ४० दिवस लागतात. या काळात पानांत तयार झालेली व कांडीत साठलेली साखर दाण्यात जाऊन तिचे पीठ बनते. उष्णता वाढली की पिकाचे सर्व व्यवहार घाईने होऊ लागतात, पान लवकर पिवळे पडते आणि दाणा भरण्याचे दिवस कमी होतात. साखरेचे पीठ करणारी दाण्यातील क्रियाही ३० अंशांवर मंदावू लागते. परिणामी ओंबी दिसावयास पूर्ण दिसते, परंतु दाणा चिमतो व वजन घटते. दाणे भरतानाच्या काळात सुमारे १५ अंशांचे सरासरी तापमान गव्हास सर्वांत मानवते आणि त्यापुढे प्रत्येक अंशास उत्पादन ३ ते ४ टक्क्यांनी कमी होते, असे नियंत्रित वातावरणात केलेल्या प्रयोगांतून दिसून आले आहे. नागपुरात हे मानवणारे तापमान पिकास मुळातच थोडे दिवस लाभते. त्यात फेब्रुवारी तापला तर उरलेली मुदतही जाते.

म्हणून गव्हाची खरी पूर्वतयारी फेब्रुवारीत नसून नोव्हेंबरात असते. समजा, एकाच बांधाच्या दोन बाजूंस दोन शेते आहेत. एकात १० नोव्हेंबरास गहू पेरला. तो जानेवारीच्या मध्यास फुलावर येईल, फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा चिकाचा जाईल आणि मार्च उजाडेपर्यंत दाणा टणक होईल. दुसऱ्या शेतात कापसाची वेचणी लांबली, पऱ्हाटी उपटण्यास उशीर झाला आणि पेरणी २५ डिसेंबरास झाली. त्याचा फुलोरा फेब्रुवारीच्या अखेरीस येईल व दाणे भरण्याचा सर्व काळ मार्चच्या उन्हात जाईल. बियाणे, खत, पाणी सर्व समान असूनही दोन्ही खळ्यांवर मोठा फरक पडेल. १५ नोव्हेंबरनंतर पेरणीस होणाऱ्या प्रत्येक पंधरवड्याच्या विलंबास हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल घट येते, असे कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत सांगितले जाते ते याच कारणाने. कापसानंतर गहू घेणारास उशीर टळत नसेल, तर त्याने निदान उशिरा पेरणीसाठी काढलेले वाण घ्यावे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे एकेएडब्ल्यू ४६२७ हे त्यासाठीच आहे. डिसेंबराचा दुसरा पंधरवडा लागल्यावर मात्र गव्हाचा हट्ट सोडून उन्हाळी मुगाचा किंवा भुईमुगाचा विचार करणे बरे.

पीक उभे असताना ऊन आले, तर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे ओलित. ओली जमीन असली की पीक पानांवाटे पाणी बाहेर टाकते आणि त्या योगे स्वतःस थंड राखते. ओलित केलेल्या शेतातील पीक दुपारी भोवतालच्या हवेपेक्षाही थंड राहते. पाणी तुटलेल्या शेतातील पीक मात्र हवेहून अधिक तापते. फुलोरा, चीक व दाणे भरणे या तीन अवस्थांत पाण्याची पाळी लांबू देऊ नये. उन्हाची चाहूल लागताच नेहमीपेक्षा दोन-तीन दिवस आधी हलके पाणी द्यावे. ते संध्याकाळी, वारा पडल्यावर द्यावे. भरल्या ओंबीचे पीक ओल्या जमिनीत वाऱ्याने लोळले, तर उन्हापेक्षा अधिक नुकसान होते. तुषारसंच असेल त्याने दुपारी ऊन चढल्यावर अर्धा तास तुषार चालवावेत. तेवढ्यानेही ओंब्यांवरील ताप उतरतो. दाणा टणक झाल्यावर पाणी देण्यात अर्थ नाही. ते पाणी संत्र्यास द्यावे.

पाण्यास जोड म्हणून पालाशाची फवारणी उपयोगी पडते. म्युरेट ऑफ पोटॅश ४०० ग्रॅम २०० लिटर पाण्यात विरघळवून एकरी फवारावे, अथवा १३:०:४५ हे खत ४ किलो तेवढ्याच पाण्यातून फवारावे. फवारणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी करावी. पण ही फवारणी पाण्याची जागा घेऊ शकत नाही. कोरड्या रानात फवारा मारून गहू वाचविण्याची हमी देणारे विक्रेते या दिवसांत गावोगाव दिसतात. त्यांच्या बाटलीपेक्षा विहिरीतील एक पाळी अधिक मोलाची आहे, हे कार्यकर्त्याने स्पष्ट सांगावे.

संत्रा

काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर आणि पलीकडे वरूड, मोर्शी या भागांत वर्षाची कमाई आंबिया बहारावर उभी असते. डिसेंबर-जानेवारीत झाडास ताण देऊन जानेवारीच्या मध्यास पाणी सुरू केले म्हणजे फेब्रुवारीत फूल येते व मार्चमध्ये फळ वाटाण्याएवढे होते. झाडावर जेवढी फुले येतात त्यांतील फारच थोड्यांचे फळ होते, आणि काही गळ ही नैसर्गिकच असते. परंतु फुलोऱ्यात किंवा फळ धरण्याच्या वेळी एकाएकी ऊन वाढले आणि मुळांशी ओल कमी असली, तर पाने फळांतील पाणी ओढून घेतात. देठाशी गळीची रेषा तयार होते व झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडतो.

या वेळी पुष्कळ बागाईतदार घाबरून बागेस भरपूर पाणी सोडतात. ही चूक महागात पडते. काळ्या भारी जमिनीत साचलेल्या पाण्याने मुळांना हवा मिळत नाही, गळ थांबण्याऐवजी वाढते आणि बुंध्याशी पाणी राहिल्यास डिंक्या रोगास आमंत्रण मिळते. पाणी बेताचे, परंतु न चुकता द्यावे. जमिनीचा मगदूर पाहून दोन पाळ्यांतील अंतर कमी करावे, पाण्याचे मान एकदम वाढवू नये. आळे दुहेरी असावे, म्हणजे पाणी बाहेरच्या आळ्यात राहून बुंध्यास स्पर्श करीत नाही. ठिबक असल्यास एकाच वेळी फार काळ न चालवता सकाळी व सायंकाळी विभागून चालवावे.

पाण्याइतकेच महत्त्व आच्छादनास आहे. एक हेक्टर उघड्या ओल्या जमिनीवरून एक मिलिमीटर पाणी उडाले, तर ते दहा हजार लिटर भरते. हिशेब साधा आहे, पण विहिरीतील पाणी मोजून वापरणाऱ्यास तो डोळ्यांपुढे ठेवणे अगत्याचे आहे. झाडाच्या घेराखाली गवत, गव्हांडा किंवा सोयाबीनचे कुटार सुमारे १० सेंटिमीटर जाडीने पसरावे. ते बुंध्यास भिडवू नये. थोडी जागा मोकळी ठेवावी. वाळवीचा उपद्रव असलेल्या बागेत लक्ष ठेवावे लागते. सोयाबीनचे कुटार ऑक्टोबरात जाळून टाकण्याची सवय काही गावांत अजून आहे. फेब्रुवारीत तेच कुटार विकत घ्यावयास निघाल्यावर त्याची किंमत कळते! आच्छादनास काही मिळाले नाही तर उथळ वखरणी किंवा डवरणी करून जमिनीच्या भेगा बुजवाव्यात. काळ्या जमिनीतील ओल भेगांवाटे खोलवरून उडून जाते आणि वरची मोकळी मातीची पापडी तिला अडवते. खोल मशागत मात्र करू नये, तिने तंतुमुळे तुटतात.

फळ धरल्यावर गळ अधिक दिसत असेल, तर जिब्रेलिक ॲसिड दीड ग्रॅम व युरिया एक किलो १०० लिटर पाण्यात मिसळून फवारावे. जिब्रेलिक ॲसिडची भुकटी पाण्यात थेट विरघळत नाही, ती आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यावी. झाडाच्या खोडास जमिनीपासून एक मीटर उंचीपर्यंत बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद व एक किलो चुना दहा लिटर पाण्यात हे त्याचे प्रमाण होय. एक-दोन वर्षांच्या कलमांस दक्षिण व पश्चिम बाजूंनी तुराट्यांचा किंवा गवताचा आडोसा करावा.

२०१९ च्या उन्हाळ्यात याच पट्ट्यातील अनेक बागा पाण्यावाचून वाळल्या. दहा-बारा वर्षे जोपासलेले झाड गेले म्हणजे एका बहाराचे नव्हे, तर पुढील कित्येक वर्षांचे उत्पन्न जाते. तेव्हा फेब्रुवारीतच विहिरीची पातळी मोजून मे अखेरपर्यंतचा हिशेब करावा. पाणी पुरणार नसेल, तर बहाराचा काही भाग मार्चमध्येच हाताने उतरवून झाड वाचवावे. फळे तोडण्यास हात धजत नाही हे खरे, परंतु हा निर्णय मेमध्ये घेतल्यास त्याचा उपयोग होत नाही.

इतर पिके

हरभरा बहुतेक ठिकाणी या सुमारास पक्वतेकडे असतो. ऊन आल्यास तो अपेक्षेपूर्वी वाळतो व घाटे तडकू लागतात. सवंगणी सकाळी दवाच्या ओलीत करावी. टोमॅटो, मिरची व वांगी यांची फुले ३५ अंशांच्या पुढे गळतात. त्यांस एक दिवसाआड हलके पाणी द्यावे आणि वाफ्याच्या पश्चिमेस मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन ओळी आधीच पेराव्यात. फुलकिडे व कोळी उन्हात झपाट्याने वाढतात, म्हणून पानांची खालची बाजू दर तीन-चार दिवसांनी पाहावी.

गुरेढोरे

म्हशीस ऊन गाईहून अधिक बाधते. तिची कातडी काळी असते व घाम येणाऱ्या ग्रंथी कमी असतात, त्यामुळे अंगातील ताप बाहेर टाकण्यासाठी तिला पाण्याचाच आधार असतो. तोंड उघडून धापा टाकणे, लाळ गळणे, चारा सोडणे आणि दूध एकाएकी घटणे ही उन्हाची लक्षणे होत. गोठ्याच्या पत्र्यावर तुराट्या, पऱ्हाट्या किंवा गवत यांचा थर फेब्रुवारीतच चढवावा. पश्चिमेच्या बाजूस गोणपाट बांधून ते दुपारी ओले ठेवावे. नागपूरच्या घरांत वाळ्याच्या ताट्या ज्या न्यायाने लावतात, तोच न्याय गोठ्यासही लागू आहे. मात्र हवा कोंडेल असे चारी बाजूंनी बंद करू नये. मोठ्या जनावरास दिवसाकाठी ६० ते ८० लिटर पाणी लागते, दुभत्यास त्याहून अधिक. ते एकदा न पाजता तीन-चार वेळा आणि सावलीत ठेवलेल्या हौदातून पाजावे. चरण्यास सकाळी दहापूर्वी व सायंकाळी पाचनंतर सोडावे.

चाऱ्याच्या बाबतीत एक धोका विशेष लक्षात ठेवावा. उन्हाने सुकलेल्या कोवळ्या ज्वारीत व तिच्या धसकटांस फुटलेल्या फुटव्यांत विषारी द्रव्य साठते. जनावरास किरळ लागते म्हणतात ती हीच विषबाधा. पोट भरून खाल्ल्यास जनावर पाहता पाहता दगावते. पेरणीपासून ५० दिवस होईपर्यंत, आणि पाणी तुटले असेल तर फुलोऱ्यापर्यंत, अशी ज्वारी कापू नये व तिच्यात गुरे सोडू नयेत. किरळ लागल्याची शंका येताच पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास बोलवावे. घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

मजूर व शेतकरी

मनुष्याच्या शरीरास उन्हाची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर व अधिक येऊ लागतो आणि त्यातील मीठ कमी होते. मेमध्ये ४४ अंशांत काम करणारा सालदार मार्चच्या पहिल्या आठवड्यात ३९ अंशांतही भोवळ येऊन पडतो, त्याचे कारण हेच. ऊन वाढताच पहिला आठवडा काम सकाळी सहा ते अकरा व पुढे चारनंतर ठेवावे. पहिल्या दोन-तीन दिवसांत कामाचा भार हलका असावा. गव्हाची सवंगणी उक्त्याने घेतलेले मजूर दुपारीही थांबत नाहीत. त्यांस थांबविणे हे शेतमालकाचे काम आहे, कारण मजुरी बुडेल या भीतीने ते स्वतः थांबणार नाहीत.

तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने पाणी प्यावे. ताक, कैरीचे पन्हे, किंवा एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातलेले पाणी उत्तम. येथे चमचा म्हणजे चहाचा चमचा समजावा. डोके दुखणे, मळमळणे, पायांत गोळे येणे ही पहिली सूचना होय. अशा वेळी माणसास सावलीत निजवावे. अंग अत्यंत तापले आहे आणि मनुष्य असंबद्ध बोलत आहे किंवा शुद्ध हरपली आहे, अशी अवस्था आली म्हणजे तो उष्माघात समजावा, मग अंगास घाम असो वा नसो. कपडे सैल करून सर्वांगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये. जीव वाचतो तो याच वेळात.

उन्हामागून येणारे वादळ

विदर्भात मार्चचे ऊन पुष्कळदा वादळाने मोडते. तापलेल्या जमिनीवर बंगालच्या उपसागराकडून ओलसर वारा आला म्हणजे दोन दिवसांत ढग जमून वीज, पाऊस आणि गारा येतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने महाराष्ट्रातील रब्बी पिके व फळबागा यांची कशी दुर्दशा केली, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. ऊन आहे म्हणून कापलेल्या हरभऱ्याच्या व गव्हाच्या पेंढ्या रानात वाळत ठेवण्याचा मोह होतो. त्या एका दिवसात मळून होत नसतील तर उंचवट्याच्या जागी गंजी घालून ताडपत्रीने झाकाव्यात, ताडपत्रीची टोके दगडांनी दाबावीत आणि गंजीभोवती पाण्यासाठी चर काढावा. विजा चमकू लागल्यावर झाकण्यास धावू नये. हे काम आकाश निरभ्र असतानाच करावे.